गोड-तिखट कॅरमल नट्स घरी कसे करायचे

बदाम, काजू, अक्रोड, शेंगदाणे, जे हाताशी असेल ते घ्या, मिक्स केलं तरी मस्त लागतं, फक्त खारवलेले नकोत कारण मीठ आपल्या अंदाजाने पडलं पाहिजे. दोन कप म्हणजे साधारण 250 ग्रॅम नट्सना अर्धा कप साखर, पाव कप पाणी, आणि चहाच्या चमच्याने एक चमचा लाल तिखट, अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा दालचिनी पूड पुरते.

आधी नट्स मंद आचेवर 7-8 मिनिटं कोरडेच भाजा. ही स्टेप गाळू नका प्लीज, नाहीतर वरून कुरकुरीत आणि आतून मऊ असं होतं. अक्रोड लवकर करपतात, ते शेवटी टाका. छान वास सुटला की ताटात काढा, अजून पाकात भाजले जाणारच आहेत.

पाक सुरू करायच्या आधीच तिखट-मीठ-दालचिनी एका वाटीत मिसळून ठेवा आणि ट्रेमध्ये बटर पेपर घालून ठेवा, नंतर शोधाशोध करायला वेळ मिळत नाही.

आता जाड बुडाच्या कढईत साखर आणि पाणी, मध्यम आच. साखर विरघळून मोठे बुडबुडे यायला लागले की नट्स टाका आणि हलवत राहा, हात थांबवायचा नाही. थोड्या वेळाने पाणी आटतं आणि साखर एकदम पांढरी, रवाळ होऊन नट्सना चिकटते, पीठ भुरभुरल्यासारखी. इथे बरेच जण घाबरतात आणि पाणी ओततात. अजिबात ओतू नका, काही बिघडलेलं नाहीये! पाक घट्ट होताना आपण ढवळतो म्हणून साखरेचे परत कण बनतात, तेच हवंय. खडबडीत कोटिंग आवडत असेल तर इथेच थांबा. चकचकीत हवं असेल तर आच मंद करून तळापासून हलवत राहा, साखर हळूहळू वितळते, मधासारखा रंग येतो आणि प्रत्येक दाण्यावर चकाकी चढते. मला विचाराल तर थोडी रवाळ, थोडी वितळलेली असतानाच थांबवा, दोन्हीची मजा येते. धूर दिसला की समजा कडू झालं.

गॅस बंद केल्यावरच वाटीतला मसाला टाका आणि भरभर ढवळा. तिखट आधी टाकलं तर करपतं आणि घरभर ठसका लागतो तो वेगळाच. शिवाय शेवटी टाकलं की मीठ-तिखट वरच्या थरात राहतं, म्हणजे खाताना जिभेला आधी झटका आणि मग गोडवा.

लगेच ट्रेवर पसरा आणि दोन काट्यांनी दाणे सुटे करा, मिनिटभरात कडक होतात. बोट लावून बघायचा मोह आवरा, वितळलेल्या साखरेचं तापमान 160 अंश सेल्सिअसच्या वर असतं आणि ती कातडीला चिकटून बसते, त्यामुळे लहान मुलांना तर ओट्यापासून लांबच ठेवा.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आत वाफ धरली की चिकट होतात. हवाबंद डब्यात, फ्रिजबाहेर, दोन आठवडे आरामात टिकतात.

आणि कढई घासत बसू नका, पाणी घालून एक उकळी काढा, चिकटलेली साखर आपोआप विरघळते.