महिन्याचा रिपोर्ट पीडीएफ करण्याआधी

सगळ्यात आधी आकडे थांबवा. महिनाअखेरपर्यंतची सगळी बिलं टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) चढली का, परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट पडली का, बँकेच्या पासबुकाशी मेळ बसला का, हे बघून झाल्याशिवाय पीडीएफचं बटण दाबू नका. एक्सेलमधला चुकलेला आकडा रात्रीतून दुरुस्त होतो. पीडीएफ मात्र भागीदार, सीए आणि बँक अशा तिघांकडे पोचली की तीच खरी धरली जाते. पहिल्याच पानावर ‘अमुक तारखेअखेर’ असं ठळक लिहा. आकडे लाखांत आहेत की रुपयांत, तेही तिथेच सांगून टाका.

मग रिपोर्ट कोणाच्या हाती जाणार आहे ते ठरवा. एकच फाइल सगळ्यांना धाडणं मला पटत नाही. भागीदाराला विक्री, येणं, देणं आणि बँकेतली शिल्लक दोन पानांत हवी असते. बँकेला सीसी खात्यासाठी, म्हणजे मालाच्या तारणावर पैसे उचलायच्या कॅश क्रेडिट खात्यासाठी, स्टॉक स्टेटमेंट (शिल्लक मालाचा तक्ता) लागतं आणि तिथे प्रत्येक आकड्याला किंमत असते. समजा माल 40 लाखांचा आहे, त्यापोटी देणी 12 लाखांची आहेत आणि मार्जिन (बँक ज्यावर पैसे देत नाही तो हिस्सा) 25 टक्के आहे, तर उरलेल्या 28 लाखांवर 21 लाखांची डीपी, म्हणजे खात्यातून उचलता येणारी मर्यादा (ड्रॉइंग पॉवर), बसते. देण्यांचा आकडा चुकला की डीपी चुकते आणि पुढच्या पगाराच्या वेळी खात्यात ओढाताण होते. उधारीची यादीही दिवसांप्रमाणे फोडून द्या, कारण 90 दिवसांपुढची उधारी बहुतेक बँका डीपी काढताना धरत नाहीत.

आता पान. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे वेळ द्या. एक्सेलमध्ये कॉलम अरुंद असला की आकड्याच्या जागी ##### दिसतं. स्क्रीनवर आपण कॉलम ओढून रुंद करतो, पण पीडीएफ वाचणाऱ्याला ते करता येत नाही, त्याला फक्त खुणाच दिसतात. एकदा माझ्या हातून येणे बाकीच्या यादीत नावं पहिल्या पानावर आणि रकमा तिसऱ्या पानावर गेल्या. कोणाकडून किती यायचेत ते कळायला रिपोर्ट वाचणाऱ्या आमच्या अण्णांना दोन पानं शेजारी ठेवून पट्टी लावावी लागली. तेव्हापासून प्रिंट एरिया ठरवते, रुंदी एका पानात बसवते, मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर येईल असं करते आणि ‘पान 2 पैकी 1’ असे आकडे टाकते. स्वल्पविरामही बघा. 12,34,567 आपल्या डोळ्यांना लगेच वाचता येतं, 1,234,567 दिसलं की माणूस अडखळतो. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर पीडीएफमध्ये दिसतो छान, पण त्यात एखाद्या गिऱ्हाइकाचं नाव शोधायला गेलात तर सापडत नाही.

पीडीएफचा मोठा फायदा म्हणजे लपवलेले कॉलम तिच्यासोबत जात नाहीत. एका गिऱ्हाइकाला मी भावपत्रक एक्सेलमध्येच पाठवलं होतं, खरेदी दराचा कॉलम लपवून. त्यांनी तो उघडला, आणि पुढची बोलणी आमच्या खरेदी दरापासून सुरू झाली. पण पीडीएफमध्ये एखाद्या ओळीवर काळी पट्टी ओढली म्हणजे ती ओळ गेली, असंही समजू नका. 2019 च्या जानेवारीत अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदांतल्या काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर नुसता कॉपी-पेस्ट करून वाचता आला होता. द्यायचं नाही ते मूळ फाइलमधूनच काढा आणि मग पीडीएफ करा.

सीएंना मात्र पीडीएफसोबत एक्सेलही द्या. त्यांनी आपले आकडे पुन्हा हाताने टाइप करावेत हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि चुकीला आमंत्रणही.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग विषय ठेवा म्हणजे वर्षभराच्या फाइली आपोआप क्रमाने लागतात. ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ या नावांनी आमच्याकडे एकदा बँकेत जुनीच फाइल गेली होती. पासवर्ड घातला असेल तर तो त्याच मेलमध्ये लिहू नका, फोन करून सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना स्क्रीनशॉट नको, डॉक्युमेंट म्हणूनच जोडा.

पाठवण्याआधी फाइल स्वतःच्या फोनवर उघडा. आमचे अण्णा सत्तरीचे आहेत, रिपोर्ट शेडच्या दारात उभं राहून फोनवरच वाचतात. अक्षरं त्यांना चष्म्यातून दिसतील एवढी आहेत का ते बघा, शेवटच्या पानावरची बेरीज टॅलीतल्या बेरजेशी एकदा ताडून घ्या, आणि मगच पाठवा.