कॅन्सरची महागडी गोळी लिहून दिलीये? पहिला डबा घ्यायच्या आधी एवढं करा

मावशीचा स्तनाचा कॅन्सर हाडात गेलाय असं कळलं त्या दिवशी डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. त्यातली लेट्रोझोल स्वस्तातली, पण दुसरी आणायला मावसभाऊ खाली मेडिकलमध्ये गेला आणि महिन्याच्या 21 गोळ्यांचा आकडा ऐकून डबा न घेताच परत आला, येऊन जिन्यातच बसला. घरात पहिला विषय निघाला तो कऱ्हाडकडचं रान गहाण टाकायचा.

चिठ्ठीवर फक्त ब्रँडचं नाव होतं. आत औषध होतं पाल्बोसिक्लिब, 21 दिवस घ्यायचं आणि 7 दिवस सुट्टी. भारतात त्याचं पेटंट जानेवारी 2023 मध्ये संपलं, त्यानंतर आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांनी तीच गोळी काढली आणि भाव धाडकन खाली आला. त्या मेडिकलवाल्याने हे सांगितलं नाही, आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी परत डॉक्टरांकडे गेलो, म्हटलं सर एवढं झेपणार नाही, तर त्यांनी दोन मिनिटांत दुसऱ्या कंपनीचं नाव लिहून दिलं. म्हणून सांगते, लाजू नका. सरळ विचारा की यातलं मूळ औषध कोणतं, ते भारतीय कंपनीचं मिळतं का, आणि तुम्ही तुमच्या पेशंटना कोणत्या कंपनीचं देता. मेडिकलवाल्याला ब्रँड परस्पर बदलता येत नाही, त्यामुळे हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्यायचं. इंजेक्शन असेल तर बायोसिमिलर (म्हणजे त्याच इंजेक्शनची दुसऱ्या कंपनीने बनवलेली जवळजवळ तशीच आवृत्ती) आहे का विचारा, स्तनाच्या कॅन्सरवरच्या ट्रास्टुझुमॅबची भारतीय बायोसिमिलर कित्येक वर्षं वापरात आहेत. आपल्याकडे हे स्वस्त पर्याय आपोआप आलेले नाहीत. रक्ताच्या कॅन्सरवरच्या इमॅटिनिबचं पेटंट सुप्रीम कोर्टाने 1 एप्रिल 2013 ला नाकारलं, त्या वेळी मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर होती आणि भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारात.

दुसरं, एमआरपी म्हणजे भाव नव्हे. कॅन्सरच्या औषधांत छापील किंमत आणि खरी विक्री यात एवढं अंतर असतं की ऐकून राग येतो. पुण्यात सदाशिव पेठेतले होलसेलवाले, मुंबईत परळला टाटाच्या आसपासची मेडिकल, सरकारी अमृत फार्मसी असं तीन-चार ठिकाणी फोन करून औषधाचं नाव, कंपनी आणि पॉवर सांगून नेट भाव विचारा. आम्हाला तीच कंपनी, तीच पॉवर छापील किमतीच्या निम्म्याहून कमीत मिळाली. पण बिल पेशंटच्या नावाचं आणि बॅच नंबर असलेलं पक्कंच घ्या, कारण मार्च 2024 मध्ये दिल्लीत रिकाम्या बाटल्या भरून बनावट कॅन्सरची इंजेक्शनं विकणारी टोळी पकडली गेली. व्हॉट्सॅपवर "अर्ध्या किमतीत" म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. फ्रिजमध्ये ठेवायचं इंजेक्शन थंड डब्यातच आणायचं (पण गोठू द्यायचं नाही), आणि सील तुमच्यासमोर तोडायला सांगायचं.

टाटा मेमोरियलसारखी हॉस्पिटलं नॅशनल कॅन्सर ग्रिडमार्फत (देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं) एकत्र खरेदी करतात, 40 औषधांच्या अशा खरेदीत सुमारे 82 टक्के बचत झाली. म्हणून खाजगीत उपचार चालू असले तरी एकदा तिथलं मत घ्या. जनरल कॅटेगरीतून नाव नोंदवून तिथल्या मेडिकल सोशल वर्करला भेटा, कोणता ट्रस्ट कशाला पैसे देतो हे त्यांना तोंडपाठ असतं. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब हे महागडं इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं) इंजेक्शन नेहमीच्या डोसपेक्षा खूप कमी, दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम, केमोच्या गोळ्यांसोबत देऊनही फायदा होतो हे टाटाच्याच डॉक्टरांनी दाखवलंय. तुमच्या केसमध्ये असं काही बसतं का हे डॉक्टरांना विचारा, पण पैसे वाचवायला आपल्या मनाने गोळी अर्धी करणं किंवा दिवसाआड घेणं हे कृपा करून कधीच करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच लोक अडकतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कव्हर आहे, आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही, पण मंजुरी आधी लागते. आधी पैसे भरले आणि मग कार्ड दाखवलं तर ते पैसे परत मिळवणं जवळजवळ अशक्य. त्यामुळे ॲडमिट व्हायच्या आधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) गाठा, रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन, आणि तुमचं औषध योजनेच्या पॅकेजमध्ये आहे का ते बघायला लावा. नवीन महागडी औषधं बऱ्याचदा नसतात. मुख्यमंत्री सहायता निधीचंही तसंच, 1.60 लाखांच्या आतला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक, आणि पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातात. तहसीलमधून दाखला यायला वेळ लागतो, तो आजच टाका. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर 10 टक्के खाटा निर्धन पेशंटना मोफत (उत्पन्न 1.80 लाखांपर्यंत) आणि 10 टक्के सवलतीत (3.60 लाखांपर्यंत) ठेवाव्या लागतात, काउंटरवर "नाही" म्हणाले तर लेखी द्या म्हणायचं.

औषध अजून पेटंटमध्ये असेल, म्हणजे दुसरी कंपनीच नसेल, तर मूळ कंपनीचा पेशंट प्रोग्राम विचारा, रोश कंपनीचा ब्लू ट्री त्यातलाच. काही डबे विकत घेतले की पुढचे फुकट, असं त्यात बऱ्याचदा असतं. पण नाव पहिल्या डब्याआधी नोंदवा, आणि बिलं, रिकाम्या स्ट्रिप, डबे काही टाकू नका, मागतात. मेडिक्लेम असेल तर "गोळ्या घरी घेता, ॲडमिट नाही" म्हणून क्लेम फेटाळला तरी गप्प बसू नका. तोंडाने घ्यायची केमो कव्हर करायला आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2019 मध्येच सांगितलंय, फक्त त्यावर मर्यादा असू शकते. जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर कॅन्सरच्या उपचारखर्चावर (1961 च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं 80डीडीबी कलम) 40 हजार, ज्येष्ठांना 1 लाखापर्यंत वजावट आहे.

मावशीची बिलं आम्ही एका बिस्किटाच्या डब्यात ठेवतो, वर वहीत तारीख, दुकान, बॅच नंबर, भाव. ती स्वतःच लिहिते, आणि मागच्या वेळी भाव तीनशेने वाढलेला तिनेच पकडला.