काळ्या मातीत शोषखड्डा: मुरूम लागल्याशिवाय दगड टाकू नका

शोषखड्डा म्हणजे न्हाणी-मोरीचं सांडपाणी जमिनीत जिरवायचा खड्डा. त्याची जागा विहिरीपासून किमान 50 फूट आणि भिंतीपासून 10 फूट दूर धरा. काळी माती पाण्यानं फुगते आणि भिंतीला तडे जातात. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही.

आता खोदकाम. "चार बाय चार बाय चार खणा, दगड भरा, झालं," असं जो तो सांगतो. आमच्या विदर्भात हा सल्ला घात करतो. माणशी रोजचा वापर 55 लिटर धरला, तरी पाच जणांच्या घरातून दिवसाला 200 लिटर सांडपाणी सहज निघतं. दगड भरल्यावर त्या खड्ड्यात जेमतेम 700 लिटर मावतं. म्हणजे पाणी जिरलं नाही, तर चौथ्या दिवशी खड्डा तुडुंब. खड्डा किती मोठा आहे याला महत्त्व नाही, बुडाशी काय आहे ते बघा.

माझा पहिला खड्डा मी मे महिन्यात खणला. बादल्या ओतल्या, पाणी गटागट गेलं, मी खूश. ते जिरत नव्हतं, उन्हानं पडलेल्या भेगांत शिरत होतं. पावसात माती फुगली, भेगा मिटल्या, आणि पोळ्याला न्हाणीचं पाणी अंगणात आलं. सगळे दगड हातानं बाहेर काढले. एकेकावर काळा, बुळबुळीत थर होता, नाकाला पदर लावल्याशिवाय जवळ जाववत नव्हतं.

म्हणून उन्हाळ्यातल्या पहिल्या बादलीवर विश्वास ठेवूच नका. पिवळसर, खरखरीत मुरूम लागेपर्यंत खणा. मग बुडाशी हातभर खोल छोटा खड्डा करून संध्याकाळी पाण्यानं भरा. रात्रभर माती फुगू द्या. सकाळी पुन्हा भरा, काडी उभी करून खूण करा. अर्ध्या तासात इंचभर पाणी उतरलं तर जागा चांगली. तासाभरातही इंच उतरलं नाही तर तिथे दगड वाया घालवू नका. सहा फुटांपर्यंत मुरूम नाही लागला तर थांबा, काळी माती ढासळते, आत माणूस असतो. तो खड्डा बुजवा आणि मोरीचं पाणी सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या परसातल्या केळी, अळू, कर्दळीकडे वळवा. माझ्या मते काळ्या मातीत तेच शहाणपणाचं.

जागा चांगली निघाली तर खड्डा असा भरा: खाली मोठे दगड, वर गोटे, मग गिट्टी, त्यावर खताची रिकामी पोती आणि माती.

नळीच्या तोंडाशी बुडाला भोकं पाडलेलं मडकं बसवा, त्यात नारळाच्या शेंड्या भरा. भाताची शितं, राख, साबणाचा पांढरा साका तिथेच अडतो. हे मडकं नसेल तर मुरमातला खड्डाही तुंबतो. दर पंधरा दिवसांनी शेंड्या बदला. जुन्या उन्हात वाळवून चुलीत घाला.