भोसरी-चाकणवरून न्हावा शेवाला पहिला कंटेनर पाठवताय? मग उलटं मोजायला शिका

पुण्यात कारखाना असला की समुद्राशी आपला काय संबंध असं डोक्यात बसलेलं असतं, एक्सपोर्ट म्हणजे मुंबईवाल्यांचं काम. पण नकाशा बघा, चाकण-भोसरीपासून न्हावा शेवा सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आत आहे, घाट उतरला की पळस्पे फाटा आणि तिथून उरणचा रस्ता. इथल्या एमआयडीसीतले गिअर, व्हॉल्व्ह, कास्टिंग, जुन्नर-नारायणगावची द्राक्षं, सगळं त्याच दारातून बाहेर जातं. ज्यांची पहिलीच वेळ आहे त्यांच्यासाठी लिहितोय, मोठ्या कंपन्यांकडे अख्खं डिपार्टमेंट असतं, त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

आधी बंदर काय आहे ते थोडक्यात. मुंबई बंदरात गर्दी झाली म्हणून खाडीच्या पलीकडे, रायगडच्या उरण तालुक्यात हे नवीन बंदर बांधलं, 1989 ला सुरू झालं. नाव जवाहरलाल नेहरू बंदर, लोक जेएनपीटी म्हणतात, 2021 च्या कायद्यानंतर ते जेएनपीए झालंय पण जेएनपीटी कुणाच्या तोंडातून जात नाही. देशातल्या प्रमुख बंदरांतून जाणाऱ्या कंटेनरपैकी साधारण निम्मे इथून जातात, 2024-25 मध्ये 73 लाखांच्या आसपास टीईयू झाले (एक टीईयू म्हणजे एक वीस फुटी डबा). आणि हे एकच बंदर असलं तरी आत टर्मिनल वेगवेगळी आहेत, एनएसएफटी, एनएसआयसीटी, एनएसआयजीटी, जीटीआय, बीएमसीटी. गेट वेगवेगळी, चालवणारी कंपनीही सगळीकडे एकच नाही. त्यामुळे "माल जेएनपीटीला सोड" एवढंच ड्रायव्हरला सांगून चालत नाही, बुकिंगवर कुठलं जहाज आणि कुठलं टर्मिनल ते नीट बघा, आणि जायच्या दिवशी परत एकदा विचारा कारण टर्मिनल बदललेलं असू शकतं.

कागदांचं आधी उरकून घ्या, कारण हे एकदाच करायचंय पण ऐनवेळी केलं तर रडवतं. आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या, साइटवर मिळतो, 500 रुपये फी, पॅनवरच असतो, एजंटला हजारो द्यायची गरज नाही. दरवर्षी एप्रिल ते जून मध्ये तो अपडेट करायचा असतो, काही बदललं नसलं तरी, नाहीतर डिअ‍ॅक्टिव्हेट होतो. मग बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलन घेणाऱ्या बँक शाखेचा नंबर) पत्र घेऊन ते आइसगेटवर (कस्टम्सचं पोर्टल) न्हावा शेवासाठी रजिस्टर करायचं, बंदराचा कोड आयएनएनएसए1. हे पोर्टनुसार असतं हे लक्षात ठेवा, उद्या पुणे विमानतळावरून सॅम्पल पाठवायचं ठरलं तर तिथलं वेगळं. जीएसटी न भरता पाठवायचं असेल तर एलयूटी (जीएसटी विभागाला द्यायचं हमीपत्र), ते दर आर्थिक वर्षाला नवीन, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात इन्व्हॉइस काढणाऱ्यांनी जास्त जपा. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला) लागणार असेल तर आपल्याकडे सेनापती बापट रोडला एमसीसीआयए (मराठा चेंबर) आहे, अर्ज ऑनलाइनच करायचा असतो.

सीएचए आणि फॉरवर्डर ही दोन वेगळी कामं आहेत, बऱ्याचदा एकच ऑफिस दोन्ही करतं म्हणून लोकांचा गोंधळ होतो. सीएचए कस्टम्सचं बघतो, फॉरवर्डर जहाजातली जागा मिळवतो. रेट विचारताना नुसतं फ्रेट विचारू नका, फ्रेट स्वस्त सांगून टीएचसी (टर्मिनलवरच्या हाताळणीचं शुल्क), बीएल (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) फी, सील चार्जेस, कसकसले सरचार्ज लावून तेवढंच वसूल करणारे भरपूर आहेत, सरळ म्हणायचं की माझ्या गेटपासून जहाजावर चढेपर्यंत सगळं धरून एका कागदावर लिहून द्या. आणि पलीकडच्या बंदरावर फ्री डेज (भाडं न लागता डबा ठेवायचे दिवस) किती तेही त्याच मेलमध्ये, गिऱ्हाईक डबा उशिरा सोडवतं आणि भांडण आपल्याशी करतं.

माल कमी असेल, समजा चार-पाच पॅलेट, तर अख्खा कंटेनर घेऊ नका. एलसीएल करा, म्हणजे तुमचा माल टेम्पोने सीएफएसला, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात, जातो (उरण-पनवेल पट्ट्यात असे बरेच सीएफएस आहेत) आणि तिथे इतरांच्या मालाबरोबर एका डब्यात भरतात. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी पूर्ण कंटेनर असला तरी सीएफएसलाच भरलेला बरा, तपासणी तिथेच होते आणि सीएचएचा माणूस समोर असतो. कारखान्यातच भरून सील करायचं असेल तर कस्टम्सची सेल्फ-सीलिंग परवानगी आणि ई-सील लागतं, ती परवानगी मिळवून ठेवा पण पहिल्या शिपमेंटच्या मुहूर्तावर नको. तळेगाव, चिंचवडला आयसीडी (समुद्रापासून दूरची कोरडी बंदरं) आहेत, तिथे कस्टम्स उरकून पुढे पाठवायचा पर्यायही आहे, रेट आणि दिवस दोन्ही तुलना करून बघा.

आता मुख्य गोष्ट. लोक माल तयार झाला की गाडी बोलावतात आणि मग जहाज शोधतात. असं नाही करायचं. जहाजाचं कट-ऑफ (शेवटची मुदत) आधी घ्यायचं आणि तिथून मागे मोजत यायचं. कट-ऑफ पण एक नसतो, एसआय म्हणजे बीएलची माहिती द्यायचा वेगळा, व्हीजीएमचा (भरलेल्या डब्याचं प्रमाणित वजन) वेगळा, आणि गेटचा वेगळा. समजा डबा कारखान्यातच भरायचा आहे आणि गेट शनिवारी संध्याकाळी बंद होणार. तर डबा शुक्रवारी सकाळी उरणला असलेला बरा, म्हणजे गुरुवारी रात्री इथून निघायला हवा, म्हणजे गुरुवारी दुपारपर्यंत स्टफिंग (डब्यात माल भरणं) संपायला हवं, म्हणजे रिकामा डबा बुधवारी रात्री किंवा गुरुवारी पहाटे दारात हवा. आणि रिकामा डबा बहुतेक वेळा बंदराजवळच्या यार्डातनंच उचलायचा असतो, म्हणजे ट्रेलर तिकडून रिकामा डबा घेऊन घाट चढून वर येणार, भरून परत उतरणार. ट्रान्सपोर्टचा रेट त्यामुळेच दोन्ही बाजूंचा असतो. लाइनकडे (जहाज कंपनीकडे) तळेगाव बाजूला रिकामा डबा मिळतोय का हे नक्की विचारा, मिळाला तर पैसे पण वाचतात आणि एक रात्र पण. गेट फार लवकर उघडत नाही हे पण बघा, जहाजाच्या कितीतरी आधी डबा नेऊन उभा केला तर आत घेणार नाहीत आणि गाडीचं हॉल्टिंग (उभं राहायचं भाडं) तुमच्या डोक्यावर.

घाटाचं गणित तर वेगळंच. एक्सप्रेसवेवर सलग सुट्ट्या आल्या की अवजड गाड्यांना ठरावीक वेळेत थांबवतात, आणि खंडाळ्यात एक ट्रेलर बंद पडला की मागे रांगच रांग. पावसाळ्यात दरडीची भीती, जुलै 2015 ला आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली होती ते आठवत असेल. जून ते सप्टेंबर एक पूर्ण दिवस जास्तीचा धरा, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तर नक्कीच, कोकणात जाणारी सगळी गर्दी पनवेललाच येऊन पडते.

रिकामा डबा आला की लगेच माल चढवायला घेऊ नका. आत जा, बाहेरच्याला दार लावायला सांगा आणि अंधारात बघा कुठून उजेड येतोय का, येत असेल तर पाणी पण येणार. तळाला खिळे, तेल, वास बघा. डबा खराब असेल तर तिथेच परत करा, ड्रायव्हर कुरकुरेल, करू दे. डब्याचा नंबर (चार अक्षरं आणि सात आकडे), आतून-बाहेरून फोटो, भरताना फोटो, सील लावल्यावर सीलचा फोटो. वीस फुटी डब्यात आतली लांबी साधारण 5.9 मीटर, रुंदी 2.35 मीटर, म्हणजे 1200 बाय 1000 ची दहा पॅलेट खाली बसतात. पण आपला इंजिनिअरिंग माल जागेआधी वजनाने भरतो. लाइन म्हणते डब्यात एवढे टन चालतील, ते ठीक, पण गाडीची पासिंग (कायद्याने चालणारं वजन) किती ते ट्रान्सपोर्टरला आधी विचारा. वजन दोन्ही टोकांना सारखं टाका आणि लॅशिंगला (माल आत बांधायला) कंजुषी नको, घाटातल्या वळणांवर जे हलायचं ते तिथेच हलतं, समुद्र तर पुढे आहे.

लाकडी पॅलेट असतील तर त्यावर आयएसपीएम-15 चा शिक्का लागतोच, म्हणजे लाकूड आतून 56 डिग्रीला 30 मिनिटं तापवलेलं. शिक्का नसलेलं पॅलेट घालून पाठवलं तर पलीकडे माल अडकतो आणि तो खर्च तुमच्या नफ्याच्या बाहेर जातो. मशिन केलेल्या पार्टला व्हीसीआय बॅग (गंज रोखणारी) आणि डब्यात डेसिकंट (ओलावा शोषणाऱ्या पिशव्या) लटकवा, युरोपची जहाजं 2023 च्या शेवटापासून लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तशा फेरीत प्रवास लांबतो, आणि जितके दिवस दमट हवेत तितका गंज.

भरलेल्या गाडीचा काटा करा आणि पावती जपून ठेवा, जुलै 2016 पासून व्हीजीएम दिल्याशिवाय डबा जहाजावर चढत नाही. शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचं निर्यातीचं घोषणापत्र) भरायच्या आधी सीएचए चेकलिस्ट पाठवतो, ती जेवता जेवता फोनवर बघून "ओके" म्हणायची नाही. एचएसएन, इन्व्हॉइस नंबर, करन्सी, एडी कोड, आणि रोडटेप (निर्यातीवर कर परत देणारी योजना) क्लेम करताय हे लिहिलंय का ते बघा, ते राहिलं तर नंतर दुरुस्तीच्या मागे फिरावं लागतं. एलईओ (कस्टम्सची निर्यात परवानगी) मिळाला, फॉर्म 13 (टर्मिनलच्या गेटचा कागद) झाला, गाडी आत गेली की ट्रान्सपोर्टरकडून गेट-इनचा पुरावा मागून घ्या.

तिकडच्या ड्रायव्हर आणि सीएफएसच्या लोकांशी नीट बोला हे पण सांगतो. ते बंदर ज्या जमिनींवर उभं आहे ना, तिथल्या शेतकऱ्यांनी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला, जासई परिसरात गोळीबारात पाच जण गेले, साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व त्यातूनच आलं. उरणचा माणूस बंदराकडे आपली गेलेली जमीन आणि आपला रोजगार अशा दोन्ही नजरांनी बघतो. पुण्याचा साहेब फोनवर आवाज चढवून बोलला की काम हळू होणारच, आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही.

जहाज सुटलं म्हणजे झालं असं समजून झोपू नका. बीएलचा ड्राफ्ट शब्दन् शब्द वाचा, गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, पॅकेजेस, वजन, कारण जहाज सुटल्यावर दुरुस्तीला पैसे लागतात. पैसे पूर्ण आलेले नसतील तर ओरिजिनल बीएल हातातनं सोडू नका, गिऱ्हाईक कितीही गोड बोलून टेलेक्स रिलीज (ओरिजिनल बीएलशिवाय माल सोडणं) मागू दे. लाइनने ईजीएम (जहाजावर गेलेल्या मालाची कस्टम्सला द्यायची यादी) फाइल केलंय का ते आइसगेटवर बघा, आणि आयजीएसटी भरून पाठवलं असेल तर जीएसटीआर-1 च्या 6ए टेबलमध्ये इन्व्हॉइस नंबर शिपिंग बिलावर जसा आहे तसाच्या तसा टाका, मधला एक डॅश किंवा शून्य इकडचं तिकडे झालं तरी रिफंड अडकतो, आणि मग सीए म्हणतो सीएचएला विचारा, सीएचए म्हणतो सीएला विचारा.