साक्षरतेची पातळी, शिक्षण आणि कमाई : आकडे वाचायचे कसे

‘अमुक टक्के प्रौढ साक्षर’ असं वाक्य समोर आलं की आधी विचारायचं, ठरवलं कसं? उत्तर तीन प्रकारचं असू शकतं. कुणीतरी दारात येऊन ‘लिहिता-वाचता येतं का?’ असं विचारलं, शाळेची वर्षं मोजून अंदाज बांधला, किंवा खरोखर मजकूर वाचायला देऊन प्रश्न सोडवून घेतले. तिन्ही आकड्यांना लोक ‘साक्षरता’च म्हणतात, आणि निम्मे घोळ तिथेच होतात.

पहिल्या प्रकाराचा पाया युनेस्कोच्या १९५८च्या व्याख्येत आहे : रोजच्या जीवनाबद्दलचं छोटं, सोपं विधान समजून वाचता आणि लिहिता येणारी व्यक्ती साक्षर. प्रौढ साक्षरता दर साधारणपणे १५ वर्षं आणि त्यापुढच्या लोकांचा काढतात. उत्तर फक्त होय किंवा नाही. त्यातही घरातला एकच माणूस बहुधा सगळ्यांच्या वतीनं बोलतो आणि ‘येत नाही’ म्हणायला संकोचतो, म्हणून हा आकडा वरच्या बाजूला झुकतो. कमाईशी जोडायला तो फारसा उपयोगी नाही. जिथे जवळजवळ सगळेच ‘साक्षर’ आहेत, तिथे पगारातला फरक त्यातून समजणार कसा?

म्हणून कमाईचा प्रश्न असेल तर तिसरा प्रकार शोधा. त्यातली सर्वांत मोठी पाहणी ओईसीडीची (मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना), ‘पियाक’ या नावाची. १६ ते ६५ वयाच्या लोकांच्या घरी जाऊन ती घेतात. पहिली फेरी २०११-१२मध्ये झाली, दुसऱ्या आवर्तनाची माहिती २०२२-२३मध्ये गोळा झाली आणि निकाल डिसेंबर २०२४मध्ये आले. त्यात ३१ देश व प्रदेशांतले सुमारे १ लाख ६० हजार प्रौढ होते. याच घराण्यातली १९९४ ते १९९८मधली ‘आयल्स’ आणि त्यानंतरची ‘ऑल’ या जुन्या पाहण्या.

गुणांवरून पातळी

गुण ० ते ५०० या मापावर असतात. पातळ्या अशा :

१७५पर्यंत : पातळी १च्या खाली
१७६–२२५ : पातळी १
२२६–२७५ : पातळी २
२७६–३२५ : पातळी ३
३२६–३७५ : पातळी ४
३७६ आणि वर : पातळी ५

पातळी १ला छोट्या मजकुरातून एखादी सरळ दिलेली माहिती शोधता येते. पातळी २ला दोन-तीन ठिकाणची माहिती जुळवून साधा निष्कर्ष काढता येतो. पातळी ३ला दाट, लांब, अनेक पानांच्या मजकुरातून नको ते बाजूला सारून हवं ते काढता येतं. त्यापुढे अटी-शर्ती, परस्परविरोधी दावे, लेखकाचा अप्रत्यक्ष रोख. अगदी तळाच्या गटालाही ‘निरक्षर’ म्हणू नका. त्यातले बरेच जण ओळखीच्या विषयावरची छोटी वाक्यं वाचतात.

पातळी म्हणजे पायऱ्या नव्हेत, मोजपट्टीवर खडूनं मारलेल्या रेघा आहेत. २२४ आणि २२७ गुणांच्या दोघांत ३ गुणांचा फरक, पण पातळ्या वेगळ्या. २२७ आणि २७४मध्ये ४७ गुणांचं अंतर, पण पातळी एकच. ‘पातळी १चे लोक ३ टक्क्यांनी घटले’ अशी बातमी दिसली तर लगेच सरासरी गुणही बघा. रेघेजवळच्या लोकांनी जागा बदलली एवढंच कदाचित झालं असेल.

आणखी एक : ‘पातळी २ला हे जमतं’ याचा अर्थ शंभरपैकी शंभर वेळा जमतं असा नाही. प्रश्नांचा अवघडपणाही याच ० ते ५०० मापावर मांडतात. पियाकमध्ये निकष ६७ टक्के यशाचा आहे, म्हणजे २५० गुणांच्या माणसाला २५० अवघडपणाचा प्रश्न तीनपैकी साधारण दोनदा सुटतो. पातळीच्या अगदी तळाशी असलेल्याला त्या पातळीचे जवळजवळ निम्मे प्रश्न सुटतात, माथ्यावरच्याला सुमारे ८० टक्के. आयल्स आणि ऑलमध्ये हा निकष ८० टक्के होता. रेघांचे आकडे तेच राहिले, पण कुठला प्रश्न कुठल्या पातळीत बसतो ते बदललं. त्यामुळे जुन्या अहवालातलं पातळीचं वर्णन उचलून नव्या टक्केवारीला चिकटवू नका.

शिक्षणाशी जोडताना

कोष्टकात पदवीधरांचे गुण नेहमीच जास्त दिसतात. तिथेच थांबलात तर पदवी हीच पातळी असा समज होतो. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निकालांत जपान आणि नेदरलँड्समधले २५ ते ३४ वयाचे, फक्त उच्च माध्यमिक शिकलेले लोक इटली आणि स्पेनमधल्या त्याच वयाच्या पदवीधरांच्या पुढे होते. म्हणून प्रत्येक शैक्षणिक गटाची नुसती सरासरी घेऊ नका, पसाराही घ्या : गटातला खालचा दहावा हिस्सा कुठे आहे आणि वरचा दहावा कुठे. पदवीधरांचा खालचा हिस्सा आणि उच्च माध्यमिकांचा वरचा हिस्सा एकमेकांवर चढलेले दिसतील.

वय नीट वेगळं करा. पंचावन्नच्या पुढच्यांचे गुण कमी दिसतात, पण ‘वय वाढलं की वाचन घसरतं’ हा निष्कर्ष घाईचा आहे. त्या पिढीला शाळाही कमी मिळाली होती. एकाच वेळच्या पाहणीत वय आणि पिढी हे एकमेकांत गुंतलेलेच असतात. निदान शिक्षणाची वर्षं सारखी धरून मग तुलना करा. चाचणी ज्या भाषेत झाली ती घरची भाषा आहे का, तेही वेगळं काढा. स्थलांतरितांचे कमी गुण कधी कौशल्याचे नसतात, भाषेचे असतात.

कमाईशी जोडताना

इथे जरा रेंगाळावं लागेल, कारण एकाच विषयावर दोन वेगळे आकडे फिरत असतात आणि दोन्ही बरोबर आहेत.

पहिला : पातळी ४-५च्या कामगारांचा तासाचा मध्यक पगार (रांगेतला अगदी मधल्याचा) पातळी १ किंवा त्याखालच्यांपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त (पियाकची पहिली फेरी). दुसरा : अर्थतज्ज्ञ एरिक हानुशेक आणि सहकाऱ्यांचा २०१५चा, पियाकच्याच माहितीवरचा अभ्यास. अंकज्ञान (आकडेमोडीचं कौशल्य, पियाक त्याचेही गुण मोजते) एक प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) वाढलं की पगार सरासरी १८ टक्के जास्त. हा आकडा २३ देशांतल्या ३५ ते ५४ वयाच्या पूर्णवेळ नोकरदारांचा आहे. अमेरिकेत तो २८ टक्के येतो.

साठ की अठरा? हिशोब करून बघा. एक प्रमाण विचलन म्हणजे ढोबळमानानं ५० गुण. पातळी ४ ३२६ला सुरू होते आणि पातळी १ २२५ला संपते, म्हणजे दोन गटांतल्या जवळच्या टोकांतही १०० गुणांचं अंतर आहे. गटांच्या सरासऱ्यांतलं अंतर १२५ गुण, म्हणजे अडीच प्रमाण विचलन धरू. १८ टक्के हा आकडा लॉगरिदमच्या गुणकातून, ०.१८मधून येतो : एक प्रमाण विचलन वाढलं की पगाराचा लॉगरिदम इतका वाढतो. त्याला २.५नं गुणलं की ०.४५. लॉगरिदमवरून परत पगारावर यायला ई (सुमारे २.७१८) या संख्येचा घात काढायचा. ईचा ०.४५वा घात १.५७, म्हणजे सुमारे ५७ टक्के. दोन्ही आकडे एकाच चित्राचे निघाले. एकात अंकज्ञान आणि एकात वाचन, एकात सरासरी आणि एकात मध्यक आहे, म्हणून तंतोतंत जुळण्याची अपेक्षा ठेवू नका.

या हिशोबात नेहमी चुकतं ते इथे : लोक १८ला थेट अडीचनं गुणून ४५ टक्के लिहितात. छोट्या गुणकाला ते चालतं, मोठ्याला नाही. एका प्रमाण विचलनालासुद्धा ०.१८चा नेमका अर्थ १९.७ टक्के होतो.

पुढची पायरी, समीकरणात शिक्षणाची वर्षं घालायची. अर्थतज्ज्ञ जेकब मिन्सरच्या १९७४च्या मांडणीत पगाराचा लॉगरिदम एका बाजूला, शिक्षणाची वर्षं, अनुभव आणि अनुभवाचा वर्ग दुसऱ्या बाजूला. जगभरच्या अभ्यासांत एका जादा वर्षाचा परतावा सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास येतो. त्यात कौशल्याचे गुण घातले की दोन्ही गुणक घटतात, कारण शाळेनं दिलेल्या कौशल्याचं श्रेय आधी वर्षांना जात होतं आणि वर्षांचं कौशल्याला. शिक्षण न घालता काढलेला आणि घालून काढलेला असे दोन्ही गुणक शेजारी छापा. त्यांची बेरीज मात्र करू नका.

उलट्या दिशेचा प्रवाहही असतो. ज्याच्या कामात रोज वाचन-लेखन आहे, त्याचं वाचन टिकतं आणि वाढतं, म्हणजे चांगल्या पगाराची नोकरीच गुण वाढवते. याउलट चाचणीत गुण मोजताना होणारी चूक गुणकाला खाली ओढते. दोन्ही चुका एकमेकींना नेमक्या खोडतात असं धरण्याचं कारण नाही. त्यामुळे ‘वाचायला शिकवलं तर पगार इतका वाढेल’ हे वाक्य या आकड्यांवरून लिहिता येत नाही. ‘ज्यांचं वाचन इतकं आहे त्यांचा पगार इतका आहे’, एवढंच येतं.

मूळ डेटा उघडणार असाल तर

पियाकच्या फायलीत प्रत्येक माणसासमोर एक गुण नसतो, दहा संभाव्य गुण असतात, कारण कुणालाच सगळे प्रश्न सोडवायला देत नाहीत. दहांची सरासरी काढून तोच त्या माणसाचा गुण मानणं ही सर्वांत सर्रास चूक. त्यानं पसारा आक्रसतो आणि त्रुटी (उत्तर किती इकडेतिकडे असू शकतं याचं माप) खोटी लहान दिसते. विश्लेषण दहा वेळा करा आणि शेवटी दहा उत्तरांची सरासरी घ्या. त्रुटीसाठी नमुन्यामुळे आलेला फरक (इथे फरक म्हणजे व्हेरियन्स, प्रमाण विचलनाचा वर्ग) अधिक दहा उत्तरांमधल्या फरकाच्या १.१ पट, आणि त्याचं वर्गमूळ. नमुन्याचा फरक काढायला ८० पुनरावृत्ती-वजनं दिलेली असतात, म्हणजे तेच गणित थोड्या वेगळ्या वजनांनी पुन्हा पुन्हा करून बघण्यासाठीचे स्तंभ. हे हातानं करत बसू नका. स्टेटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरसाठीचं ‘रिपेस्ट’ किंवा ‘आयडीबी अ‍ॅनालायझर’ ते करतं. मुख्य वजन (ती व्यक्ती लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीनं आहे तो आकडा) न लावता काढलेली टक्केवारी मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरनं चुकीचीच येणार.

पगाराचा स्तंभ बघताना तीन गोष्टी तपासा. तो तासाचा आहे की महिन्याचा? महिन्याचा घेतला तर कामाचे तास कौशल्यात मिसळतात. बोनस धरलाय का? आणि पगार नेमका दिलाय की नुसता दशमक (पगाराच्या क्रमानं केलेल्या दहा समान गटांतला कितवा)? काही देश खुल्या फायलीत नेमका आकडा देत नाहीत. बेरोजगारांना आणि घरकाम करणाऱ्यांना पगारच नसल्यानं ते या तुलनेतून आपोआप गळतात. कमी गुणांच्या लोकांत काम नसलेले जास्त असतात, म्हणून पगारातली दरी प्रत्यक्षापेक्षा अरुंद दिसते. रोजगाराचं प्रमाण वेगळ्या कोष्टकात पातळीनुसार दिलं की ही उणीव बरीच भरून निघते.

दोन आवर्तनांची तुलना करताना आणखी एक खाच आहे. २०२२-२३मध्ये चाचणी टॅबलेटवर झाली, पहिल्या आवर्तनात कागदाचा पर्याय होता. शिवाय ज्यांना चाचणीची भाषा येत नव्हती ते आधी निकालातून सुटत, आता त्यांची दारातच छोटी मुलाखत घेऊन गुणांचा अंदाज बांधला जातो. त्यांना पहिल्या आवर्तनात वगळून दुसऱ्यात धरलं तर घसरण फुगलेली दिसेल. दोन्ही वेळा वगळूनच कल काढा आणि तसं कोष्टकाखाली लिहा.