खर्च काढताना या चुका टाळा: एक किलो चकलीचा हिशेब

“किलोमागे मला १२० रुपये सुटतात, तरी महिनाअखेरीला हातात काहीच राहत नाही. पैसे जातात कुठे?”

भाजणीची चकली करून विकणाऱ्या एका वहिनींचा हा प्रश्न. मी छोट्या व्यवसायांच्या वह्या लिहून देतो, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. त्यांच्या वहीत खोट नव्हती. भाजणी, तेल, तीळ-मसाला, गॅस, पिशव्या आणि तळायला येणाऱ्या मावशींची किलोवर ठरलेली मजुरी, असं सगळं मिळून किलोला २८० रुपये लागत होते. विक्री ४०० रुपयांनी, महिन्याला साधारण १५० किलो. चुकत होतं ते एवढंच, की या २८० ला त्या ‘खर्च’ म्हणत होत्या. हा फक्त बदलता खर्च आहे. चकली केली तर लागतो, नाही केली तर लागत नाही.

पूर्ण हिशेब असा. विक्री ६०,००० रुपये. त्यातून बदलता खर्च ४२,००० गेला, उरले १८,०००. गाळ्याचं भाडं, वीज, फोन मिळून १४,०००. हातात राहिले ४,०००. ६०,००० रुपयांचं चकलीचं यंत्र पाच वर्षं चालेल असं धरलं, तर महिन्याला १,००० रुपये घसारा. म्हणजे वहीतला नफा ३,०००.

स्वतःचे कष्ट फुकट धरणे

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती बहुतेक वेळा बाईच्या किंवा शेतकऱ्याच्या अंगावर पडते. वहिनी सकाळी सहापासून भाजणी मळायला उभ्या राहतात. याच कामाला दुसऱ्याच्या कारखान्यात त्यांना महिन्याला १२,००० मिळत होते आणि ते सोडून त्या इथे आल्या. अर्थशास्त्रात याला संधी खर्च किंवा वैकल्पिक खर्च म्हणतात: एक वाट धरताना सोडून दिलेल्या सर्वांत चांगल्या वाटेची किंमत. तो धरला, तर ३,००० चा नफा हा ९,००० चा तोटा ठरतो.

सोयाबीनच्या हमीभावावर दरवर्षी होणारा वाद नेमका याच मुद्द्यावर आहे. हमीभाव सुचवणारा केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग तीन पातळ्यांवर खर्च काढतो. ‘ए-२’ म्हणजे बियाणं, खत, मजुरी असा प्रत्यक्ष झालेला खर्च. ‘ए-२ अधिक एफएल’मध्ये घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल मिळवतात. ‘सी-२’मध्ये स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याजही येतं. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. तो ‘ए-२ अधिक एफएल’च्या ३,५५२ रुपयांची बरोबर दीडपट. सरकार म्हणतं दीडपट दिला, शेतकरी संघटना म्हणतात ‘सी-२’च्या दीडपट कुठे आहे? शब्द तोच, ‘उत्पादन खर्च’, पण दोघांचे आकडे वेगळे. “गाळा स्वतःचाच आहे, भाडं कशाला धरायचं?” असं कुणी म्हणालं की मला हा ‘सी-२’ आठवतो.

एक काळजी मात्र घ्या. हा संधी खर्च हिशेबाच्या वहीत चढवू नका. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात मालकाने घेतलेली रक्कम पगार ठरत नाही, ती ‘उचल’ म्हणून लिहायची. प्राप्तिकराच्या हिशेबातही ती खर्च म्हणून वजा होत नाही. भाव ठरवायला एक खर्च आणि वहीत लिहायला दुसरा.

स्थिर खर्च किलोला चिकटवणे

भाडं, वीज, फोन आणि घसारा मिळून १५,००० स्थिर. १५० किलोवर वाटले की किलोला १००. म्हणून वहिनींनी मनाशी ३८० हा आकडा पक्का केला, आणि जूनच्या मंदीत ४० किलोची ३४० रुपये दराची ऑर्डर नाकारली. “तोट्यात कशाला द्यायची?”

पण त्या महिन्यात यंत्र अर्धा वेळ बंद होतं. ऑर्डर घेतली असती तर भाडं वाढलं नसतं आणि विजेत नाव घेण्यासारखा फरक पडला नसता. एक किलो जास्त करण्याचा खर्च, म्हणजे सीमांत खर्च, २८० च होता. किलोला ६० याप्रमाणे २,४०० रुपये भाड्याला हातभार लागला असता.

हीच ऑर्डर दिवाळीच्या तोंडावर आली असती तर मीही नको म्हणालो असतो. तेव्हा ४०० ची गिऱ्हाइकं दारात असतात. त्यांचा माल दुसऱ्याला दिला तर किलोला १२० रुपये सुटायचे राहतात. ऑर्डरसाठी जास्तीची शेगडी घ्यावी लागली किंवा महिन्याच्या पगारावर आणखी एक बाई ठेवावी लागली, तर तो खर्च एकदम पायरीसारखा वर चढतो. तो त्या ऑर्डरवरच टाकायचा.

याची उलटी बाजू जास्त घातक. विक्री ७५ किलोवर आली की स्थिर खर्च किलोला २०० होतो आणि एकूण ४८०. घाबरून भाव ५०० केला की आणखी गिऱ्हाइकं तुटतात, आणि पुढच्या महिन्यात तोच आकडा आणखी फुगतो. दाभोळच्या वीजप्रकल्पात राज्याने हे मोठ्या प्रमाणावर भोगलं. १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज उचलली नाही तरी क्षमतेपोटी ठरलेली रक्कम वीज मंडळाला द्यावीच लागे, त्यामुळे वीज जेवढी कमी उचलावी तेवढा युनिटचा दर चढायचा. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. तुमच्या घरच्या वीजबिलातही ‘स्थिर आकार’ आणि ‘वीज आकार’ वेगळे छापलेले असतात. महिनाभर गावाला गेलात तरी पहिला येतोच.

गेलेल्या पैशासाठी आणखी पैसे घालणे

वहिनींनी ४५,००० रुपयांचं व्हॅक्यूम पॅकिंग मशीन घेतलं. हवा ओढली की पिशवी आवळते आणि चकलीचा चुरा होतो. तरी त्या वर्षभर जाड पिशव्या, मग पुठ्ठ्याचे डबे आणून बघत राहिल्या, कारण “४५,००० घातलेत ना!” ते पैसे मशीन ठेवलं काय, विकलं काय, पूर्ण परत येणार नाहीत. जे परत येणार नाहीत, तो बुडीत खर्च. त्या दिवशी बाजारात मशीनला १८,००० येत होते, आणि निर्णयाला लागणारा आकडा तेवढाच: ते ठेवणं म्हणजे १८,००० सोडणं.

काही छोट्या गफलती

कर्जाचा पूर्ण हप्ता खर्चात धरू नका. व्याज हा खर्च, मुद्दल म्हणजे उसने घेतलेले परत करणं. मुद्दल आणि घसारा दोन्ही धरले की एकच यंत्र दोनदा मोजलं जातं. कच्च्या मालावरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल, म्हणजे तो विक्रीवरच्या करातून वजा होत असेल, तर तो खर्च नाही. छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या कंपोझिशन योजनेत क्रेडिट मिळत नाही, तिथे तो खर्चच. रोजची थोडी तूटफूट चांगल्या मालाच्या खर्चात येते, पण नोकराच्या चुकीने अख्खा घाणा करपला तर ते वेगळं नुकसान म्हणून लिहा, किलोच्या भावात मिसळू नका.

भाव ठरवायला वहिनींनी आता वेगळी वही केली आहे, तिच्यात चार रकाने आहेत: किलोवर लागणारा, महिन्याला लागणारा, न दिलेला पण लागणारा, आणि गेलेला. ऑर्डरचा फोन आला की त्या आधी विचारतात, “माल कधी हवाय?”