सुरूर-वाई रस्त्यावरचा वड तैलरंगात

सुरूर फाट्यावरून वाईकडे निघालं की रस्त्याच्या कडेला वडाची जुनी झाडं लागतात. तैलरंगात झाड शिकायला वड सोयीचा, कारण त्याच्या पानांचे पुंजके ठळक असतात आणि खोडाला अंग असतं. सुरुवातीला एकच झाड घ्या. तोंड उत्तरेला, डोंगरांच्या बाजूला येईल असं बसा. सकाळी आठ ते दहा ऊन उजवीकडून येतं, झाडाची गोलाई कळते. पश्चिमेला तोंड केलंत तर सूर्य पाठीमागे राहतो आणि झाड पुठ्ठ्यातून कापल्यासारखं सपाट दिसतं.

साहित्य: १२ × १६ इंची प्राइम केलेला (रंगासाठी अस्तराचा थर दिलेला) कॅनव्हास, ८ आणि ४ नंबरचे हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) फ्लॅट ब्रश, एक रिगर (लांब केसांचा बारीक ब्रश), पॅलेट नाइफ (रंग कालवायची सुरी), टर्पेंटाइन, जवसाचं तेल आणि भरपूर चिंध्या. रंग सहा पुरतात: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), अल्ट्रामरीन ब्लू. हिरव्याची ट्यूब घरीच राहू द्या. ती जशीच्या तशी वापरली की झाड प्लॅस्टिकचं दिसतं.

टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने थेट ब्रशनेच आराखडा काढा. मग डोळे किलकिले करून सावलीचे आकार तेवढे भरा. पाने, फांद्या अजून नकोत. सावली एकदा ठरली की ठरली. ऊन सरकेल तसं तिच्यामागे धावलात तर दहा वाजता चित्रात दोन सूर्य असतील.

आता रंग. आधी आकाश, मग डोंगर, मग झाड. डोंगरावर झाडी असली तरी तिथे निळसर करडाच लावा: अल्ट्रामरीन, पांढरा, किंचित सिएना. वडाच्या सावलीला साधारण दोन भाग अल्ट्रामरीन, एक भाग सिएना, एक भाग ऑकर. हा थर पातळ ठेवा. उजेडाच्या हिरव्यात बहुतेकांचा घोटाळा होतो, कारण उजळ करायचं म्हणून सगळीकडे पांढरा मिसळतात आणि रंग खडूसारखा मळकट होतो. वडाचं पान जाड, तुळतुळीत. वरून ऊन पडलेल्या पानांवर आकाश चकाकतं, तिथे थोडा पांढरा घालून थंड, निळसर हिरवा चालतो. पण जिथे ऊन पानातून आरपार येतं तिथे लेमन यलो जास्त, अल्ट्रामरीन नखभर आणि पांढरा अजिबात नाही.

पुंजक्यांच्या कडा सगळ्या धारदार नकोत. उन्हाकडच्या दोन-तीन स्पष्ट, बाकीच्या कोरड्या ब्रशने पुसट करा. पानांमधून दिसणारं आकाश शेवटी टिपा. ते ठिपके खऱ्या आकाशापेक्षा एक छटा गडद हवेत, नाहीतर झाडाला पांढरे डाग पडल्यासारखं वाटतं. खोडाला तपकिरी नको, राखाडी हवी. पारंब्या रिगरने, वरून खाली, रंग शाईइतका पातळ करून, तोही खालचा थर सुकल्यावर. या वेळी टर्पेंटाइनसोबत थोडं जवसाचं तेल घ्या. तेलकट थरावर कमी तेलाचा थर दिला तर वरचा आधी सुकतो आणि पुढे तडकतो.

पावसाळ्यात वाळायला जास्त दिवस लागतात, घाई करू नका. वार्निश सहा महिन्यांनी. जवसाच्या तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेटू शकतात. पसरून बाहेर वाळवा.